'इम्पॅक्ट'ला प्रभाव म्हणावं की परिणाम?

प्रश्न असा आहे : पुण्यातल्या एका सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत करायचा आहे. मसुद्यात 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग'ला 'प्रभाव गुंतवणूक' आणि 'सोशल इम्पॅक्ट बाँड'ला 'सामाजिक प्रभाव रोखे' लिहिलं आहे. हे योग्य आहे का? नसेल तर काय लिहावं?

'प्रभाव गुंतवणूक' मी लिहिणार नाही. प्रभाव आपल्याकडे माणसाचा पडतो, विचारांचा पडतो. माणूस कुणाच्या तरी प्रभावाखाली येतो. त्यामुळे नवख्या वाचकाला वाटेल, कुणीतरी आपलं वजन वाढवायला पैसे घातले आहेत. 'पूर्वलक्ष्यी प्रभावाने लागू' यात प्रभाव म्हणजे अंमल आहे हे खरं, पण तो अर्थ सरकारी कागदाबाहेर फारसा पडलेला नाही. हिंदीत मात्र इम्पॅक्टला 'प्रभाव' रुळला आहे, आणि मराठी मसुद्यांत तो बहुधा तिथूनच येतो.

'परिणाम' जवळचा आहे, पण त्याला एक खोड आहे. 'रात्रपाळीचा तब्येतीवर परिणाम झाला' असं म्हटलं की चांगला की वाईट, हे कुणी विचारत नाही. 'धंद्यावर परिणाम झाला' म्हणजे धंदा बसला. विशेषण न लावलेला परिणाम मराठीत वाईटाकडे झुकतो. म्हणून 'परिणाम गुंतवणूक' एवढंच लिहिलं तर अर्थ लंगडा राहतो. तिसरा शब्द 'आघात'. 'पर्यावरणीय आघात मूल्यांकन' यात तो चपखल बसतो, कारण तिथे प्रकल्पाचा नदीला, जंगलाला बसणारा धक्काच मोजायचा असतो. इथे तो चालणार नाही.

शब्द निवडण्याआधी वस्तू नीट पाहू. 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' ही संज्ञा २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे रॉकफेलर फाउंडेशनच्या बैठकीत पुढे आली. तिच्यात तीन अटी आहेत : समाजाचं किंवा पर्यावरणाचं भलं व्हावं हा हेतू आधीच ठरलेला असतो, ते भलं मोजलं जातं, आणि घातलेला पैसा परत येण्याची अपेक्षा असते. हेतू नसेल तर ती नुसती गुंतवणूक, परतीची अपेक्षा नसेल तर देणगी. अनेक अहवालांत देणगीलाच गुंतवणूक म्हटलेलं असतं. तो भाषेचा दोष आहेच, शिवाय वाचणाऱ्याची दिशाभूलही आहे. 'गुंतवणूक' शब्दातच पैसा गुंतलाय, पुढे मोकळा होणार, असा अर्थ आहे.

म्हणून माझी पसंती 'परिणामलक्ष्यी गुंतवणूक' या शब्दाला. लक्ष्य आलं की परिणाम कुणीतरी ठरवून साधायचा आहे हे कळतं, आणि 'पूर्वलक्ष्यी'मुळे ही घडणही ओळखीची आहे. शीर्षकात आणि तक्त्यात हा शब्द वापरावा. मजकुरात 'समाजहिताची गुंतवणूक' म्हटलं तरी भागतं. पहिल्यांदा येईल तिथे 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणजेच' असं जोडून द्यावं.

मसुद्यात याहून मोठी गल्लत आउटपुट, आउटकम आणि इम्पॅक्ट या तिघांची होते. तिघांनाही 'परिणाम' लिहिलं जातं. चाळीस शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, हे आउटपुट. त्याला साधं 'झालेलं काम' म्हणा. त्यांच्या वर्गातली मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू लागली, हे आउटकम; त्याला 'फलित' म्हणा. शाळेत 'अध्ययन निष्पत्ती' रुळलंय, त्यामुळे शिक्षणाच्या अहवालात 'निष्पत्ती'ही चालेल. आणि कार्यक्रम नसता तरी जी मुलं वाचायला शिकलीच असती ती वजा करून जो बदल उरतो, तो 'परिणाम'. हिशेबाच्या वहीतला 'निव्वळ' इथे फार उपयोगी आहे : निव्वळ परिणाम. ही वजाबाकी केली नसेल तर 'फलित'वर थांबावं.

आता बाँड. मराठीत रोखा म्हणजे देणं कबूल केल्याचा कागद. पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, दहा वर्षं मुदत, ७.५९ टक्के व्याज. हे खरे कर्जरोखे : मुद्दल ठरलेलं, व्याज ठरलेलं. सोशल इम्पॅक्ट बाँडमध्ये यातलं काहीच बांधील नसतं. एकजण आधी पैसे घालतो, संस्था काम करते, त्रयस्थ मूल्यमापक फलित मोजतो आणि ते दिसलं तरच चौथा पक्ष, बहुधा सरकार किंवा एखादं प्रतिष्ठान, पहिल्याचे पैसे वाढवून परत करतो. फलित दिसलं नाही तर पहिल्याचे पैसे बुडू शकतात. जगातला पहिला असा व्यवहार २०१० मध्ये इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या तुरुंगात झाला. सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे वळू नयेत हे लक्ष्य होतं. खुद्द इंग्रजीतही 'बाँड' सगळ्यांना पटलेला नाही. अमेरिकेत याला 'पे फॉर सक्सेस' म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने यूएनडीपी या संयुक्त राष्ट्रांच्या विकास संस्थेबरोबर आरोग्यसेवेसाठी असा व्यवहार उभा करण्याचा सामंजस्य करार केला, तेव्हापासून हा शब्द आपल्या भागातल्या कागदांत येणारच. माझ्या मते 'फलाधारित परतफेड करार' लिहावं आणि 'बाँड' फक्त योजनेच्या नावात ठेवावा.

या करारात आधी पैसे घालणारा आणि शेवटी पैसे देणारा, दोघांनाही 'देणगीदार' लिहू नका. जोखीम पहिल्याची असते, आणि ती कुणाची हाच कराराचा गाभा आहे. राजस्थानात भिलवाड्यात मुलींच्या शिक्षणासाठी २०१५ ते २०१८ असा करार झाला. आधी पैसे यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने घातले, काम एज्युकेट गर्ल्सने केलं, शेवटी पैसे चिल्ड्रन्स इन्व्हेस्टमेंट फंड फाउंडेशनने दिले. त्याचा निकाल 'शिकण्यात लक्ष्याच्या १६० टक्के' असा आहे. तो 'शिकण्यात १६० टक्के वाढ' असा लिहिला तर साफ चूक. लक्ष्य १०० होतं, गाठलं १६०, एवढाच त्याचा अर्थ.

'परतावा' शब्दही जपून. 'प्राप्तिकराचा परतावा' म्हणजे आपलेच पैसे परत. 'आठ टक्के परतावा' म्हणजे वरची कमाई. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थ आले की वाचक अडखळतो. मुद्दल परत येतं त्याला परतफेड, वर मिळतं त्याला परतावा, हा भेद अहवालभर पाळा.

सोशल स्टॉक एक्स्चेंज म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून शेअर बाजारातच काढलेला वेगळा विभाग. त्यावरचे 'झीरो कूपन झीरो प्रिन्सिपल' रोखे ही आणखी एक अवघड जागा. व्याज नाही, मुद्दलही परत नाही. घेणाऱ्याला मिळतो तो कामाचा हिशेब. 'शून्य व्याज, शून्य मुद्दल रोखे' हे भाषांतर अचूक आहे, पण लगेच 'म्हणजे देणगीच' असं एक वाक्य जोडा, नाहीतर कुणीतरी मुदत संपल्यावर पैसे मागायला येईल. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने याच बाजारासाठी 'सोशल ऑडिटर' बदलून 'सोशल इम्पॅक्ट असेसर' केलं आहे, तेव्हा मसुद्यातला 'सामाजिक लेखापरीक्षक' काढून 'सामाजिक परिणाम मूल्यमापक' घाला.

'ब्लेंडेड फायनान्स' म्हणजे देणगीचा किंवा सरकारी पैसा आणि नफ्यासाठी घातलेला पैसा एकाच निधीत एकत्र करणं. त्याला 'मिश्र भांडवल' पुरे. त्यातल्या 'फर्स्ट लॉस'ला 'पहिला तोटा सोसणारं भांडवल' म्हणा. दहा कोटींच्या निधीत दोन कोटी असे आणि बाकीचे आठ कोटी बँकेचे असतील आणि दीड कोटी बुडाले, तर बँकेच्या आठ कोटींना धक्का नाही. तीन कोटी बुडाले तर बँकेचा एक कोटी जातो. 'सोसणं' या क्रियापदात हे सगळं आहे. 'प्रथम हानी' म्हटलं की कोण सोसतो तेच हरवतं.

शब्द जड होतायत असं वाटलं तर 'पैसा फंड' आठवावा. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारायचा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांचा तिला पाठिंबा होता. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. 'फंड' परका, 'पैसा' घरचा, आणि नाव ऐकताच योजना कळते.

मसुद्यातलं 'प्रभाव गुंतवणुकीद्वारे सकारात्मक प्रभाव साध्य करण्यात आला' हे वाक्य मी असं करीन : 'परिणामलक्ष्यी गुंतवणूक म्हणून मिळालेल्या रकमेतून चाळीस शिक्षकांचं प्रशिक्षण झालं, वर्षअखेर त्यांच्या वर्गांतली किती मुलं उतारा वाचू लागली ते पुढच्या तक्त्यात आहे, मुद्दलाची परतफेड पुढच्या वर्षापासून सुरू होईल.'