सोडलंय, पण कोप होईल का?

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे पहिल्या भेटीत कुणीच विचारत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पोरगं ऐकत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. मग एखाद्या भेटीत बोलणं संपून, पर्स खांद्याला लावून उठता उठता विचारतात, "ताई, आम्ही एका ठिकाणी जायचो. आता सोडलंय. काही वाईट होणार नाही ना?" विचारणारे सगळ्या धर्मांचे असतात. प्रार्थनेची पद्धत वेगळी, पण भीतीची चाल तीच.

शोभाताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या ज्या सत्संगाच्या गटात होत्या त्याचं नाव मी लिहिणार नाही, आणि त्याच्या मुख्य माणसाला इथे नुसतं 'प्रमुख' म्हणेन.

त्या गटात शिरल्या त्या कोल्हापूरच्या 2019 च्या महापुरात. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं आणि नदीकाठच्या पेठेतलं त्यांचं तळमजल्याचं घर छतापर्यंत बुडालं होतं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. नातेवाईक फोन करून चौकशी करत होते, पण फावडी घेऊन आली ती गटातली माणसं. चार दिवस त्यांनी घर धुतलं, शेगडी दिली, दोन वेळचं जेवण दिलं. "शिकलेली बाई असून फसली कशी?" असं विचारणाऱ्यांना मी हे आधी सांगते. त्या चमत्काराला भुलल्या नव्हत्या. अडचणीत कोण उभं राहिलं हे त्यांनी बघितलं होतं, आणि ते खरंच होतं.

आवळत गेलं ते नंतर, कोरोनात. सत्संग फोनवर आला आणि फोनबरोबर गट घरात शिरला. पहाटे साडेचारच्या आत दिवा लावून त्याचा फोटो टाकायचा, ही हजेरी. फोटो आला नाही की ताईंपेक्षा वयानं लहान असलेली एक बाई फोन करून विचारायची, "आज मन कुठं होतं?" गुरुवारी सगळ्यांदेखत आठवड्याच्या चुका सांगायच्या. माहेरी जायचं तर विचारून, पाहुण्यांचं लग्न विचारून, थायरॉइडची गोळी बदलायची तीही विचारून. इतर देवळात जाणं म्हणजे भक्ती फुटणं. त्यामुळे ज्यांचं लहानपण महाद्वार रोडवर गेलं, त्या बाईचं अंबाबाईला जाणं बंद झालं.

रॉबर्ट लिफ्टन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने चीनमधल्या 'विचारसुधारणे'तून बाहेर पडलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन 1961 मध्ये अशा ताब्याची आठ लक्षणं मांडली. बाहेरच्या माणसांशी संपर्क आवळणं आणि सगळ्यांसमोर चुका कबूल करायला लावणं ही त्यातली दोन. मांडणी राजकीय छळाच्या अभ्यासातून आली, पण गुरुवारच्या सत्संगाला चपखल बसते. ज्यानं आपल्या लाजेच्या गोष्टी चारचौघांत सांगितल्या, त्याला त्या चारचौघांना सोडून जाणं अवघड होतं.

सुटण्याचा प्रसंग अगदी साधा आहे. गडहिंग्लजला आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. शोभाताई पिशवी घेऊन स्टँडवर आल्या आणि निघायची परवानगी मागणारा मेसेज टाकला. गुरुवार होता. "एक गाडी लागली, भरली, गेली. दुसरी लागली. कंडक्टर म्हणाला, मावशी, येणार काय न्हाई? मी फोनकडं बघत बसलो." (आमच्याकडे बायकाही 'गेलो-बसलो' म्हणतात.) दुसरी गाडीही गेली. नंतर निरोप आला, सत्संग करून जा. त्यांनी पुढची गाडी धरली. आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं, काहीही अघटित घडलं नाही. पण आईच्या खाटेशी बसल्यावर त्यांना सारखं तेच दिसत होतं: आपली आई पडलीय आणि आपण रिकाम्या फलाटावर उभं राहून परवानगीची वाट बघतोय.

परत आल्यावर त्यांनी फोटो टाकणं थांबवलं. आठ दिवसांत उद्यमनगरात नवऱ्याचं बोट लेथवर कापलं, टाके पडले. त्याच संध्याकाळी गटातून मेसेज आला: "बघितलंस?"

माझ्याकडे आल्या तेव्हा हा एक शब्द त्यांच्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखा बसला होता. पहाटे चारला जाग यायची, हात आपोआप फोनकडे जायचा, मग घाम. मी कोप असतो की नसतो या वादात पडले नाही. भीतीशी वाद घालून ती जात नाही, उलट रात्री एकटं गाठून सगळे मुद्दे परत मांडते. पुढच्या वेळी नवऱ्यालाच घेऊन या म्हटलं.

गृहस्थ मोकळे निघाले. सेवा नियमित चालू होती त्या पाच वर्षांत कामावर काय काय लागलं, एवढंच मी विचारलं. ते बोटांवर मोजायला लागले. डोळ्यात ठिणगी गेली होती, सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, न्यावं लागलं. चकची चावी पायावर पडली, नख गेलं. कोपर भाजलं. "आणि बारीकसारीक धरायचं म्हटलं तर ताई, लेथवरच्या माणसाच्या हाताला पट्टी नसंल तर मालक विचारतोय, काम करतोस काय न्हाई?"

मी शोभाताईंना विचारलं, त्या वेळी काय म्हणायचात?

त्या जरा थांबल्या. "मोठ्यावरचं बारक्यावर निभावलं, असं म्हणायचो. परसाद वाटलेला डोळ्याच्या वेळी."

आम्ही तिघंही काही वेळ गप्प बसलो. मग नवराच म्हणाला, "म्हंजे गटात असताना लागलं तर किरपा, आन् भाईर पडल्यावर लागलं तर कोप? मग माझं बोट कापायचं थांबणार कवा?"

मी दिलेल्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा या हिशेबानं जास्त काम केलं. तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी अशा भीतीत असेल तर हा हिशेब एकदा मांडून बघा, कागदावर. आजारपण, अपघात, नापास होणं, नोकरी जाणं, गटात असतानाचं आणि नंतरचं. प्रत्येकापुढे लिहा की तेव्हा त्याचा अर्थ काय लावला होता आणि कुणी लावून दिला होता. ज्या सांगण्यात काहीही घडलं तरी सांगणाराच बरोबर ठरतो, ते सांगणं भविष्याबद्दल काहीच सांगत नसतं.

तरी शरीराला हिशेब कळत नाही, त्याला वेळ लागतो. चारची जाग लगेच गेली नाही. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवायचा, जाग आली तर दिवा न लावता अंथरुणातच पडून राहायचं, धडधड वाढू द्यायची आणि आपोआप उतरते का बघायचं, एवढंच ठरवलं. पहिल्या काही पहाटा वाईट गेल्या. पण दिवा न लावता उजाडलं आणि घर जागच्या जागी आहे, हे रोज नव्यानं दिसत गेलं. झोप आठवडेच्या आठवडे गेली असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील किंवा कुणीतरी शिक्षा देणारा आवाज खरंच ऐकू येत असेल, तर मात्र समुपदेशकावर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानसची 14416 ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं.

"बघितलंस?" सारख्या मेसेजबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्या राज्यात 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. आपल्यात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं, किंवा आपलं ऐकलं नाही तर वाईट परिणाम होतील अशी धमकी देणं, हेही त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं. शोभाताईंना पोलिसांत जायचं नव्हतं, मी आग्रह केला नाही. पण हे कळल्यावर त्यांनी मेसेज पुसायचं थांबवलं आणि जपून ठेवायला लागल्या. त्यांच्या बोलण्यातला सूर त्या दिवसापासून बदलला.

खरी कसरत पुढे होती, आणि ती दुसऱ्याच बाजूनं आली. त्यांचा भाऊ पक्का विवेकवादी. 2015 मध्ये कॉम्रेड पानसरे यांच्या खुनानंतर शहरात निघालेल्या मोर्च्यांत चाललेला माणूस. त्याला बहिणीच्या सुटकेचा मनापासून आनंद झाला होता, आणि त्या आनंदात त्यानं देवघर आवरायला घेतलं. "आता कशाला ठेवतीस हे? सोडलंस तर पुरतं सोड." सासरे म्हणाले, तसं नाही, आता घरच्या देवाचं नीट कर, तुटलेलं परत जोड. वरच्या मजल्यावर राहणारी जाऊ अजून गटात, ती सांगायची की माफी मागितली तर परत घेतील. तिघांचं म्हणणं वेगळं, पण शोभाताईंनी काय मानायचं हे तिघांनाही आजच्या आज हवं होतं.

आणि त्या माझ्याकडे येऊन विचारायच्या, "ताई, मी अंबाबाईला जाऊ काय?"

या ठिकाणी समुपदेशकानं फार जपावं लागतं. 'जा की, काय हरकत आहे' हे उत्तर तोंडावर येतं. दिलं तर बाईला बरं वाटतं, पण तिच्यासाठी नवा प्रमुख तयार होतो, खुर्चीत बसून फी घेणारा. मी म्हटलं, हे मी सांगणार नाही. त्या रागावल्या. "मग पैसे कशाचे घेतासा?" रास्त प्रश्न. उत्तर असं की, पाच वर्षं जी सवय मोडली गेली, ती परत लावण्याचे. रोज एक गोष्ट कुणालाही न विचारता ठरवायची, मला नाही, नवऱ्याला नाही. सुरुवात भाजीपासून केली. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण कपिलतीर्थ मंडईत वांगी घ्यायची की दोडका यावर त्या पहिल्या दिवशी इतका वेळ उभ्या होत्या की भाजीवालीनंच पिशवीत वांगी घातली. तेही त्यांनी मला येऊन सांगितलं, चूक कबूल केल्यासारखं. मी म्हटलं, हे सांगायची गरज नव्हती. यावर त्या पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.

माझं मत इथे उघड सांगते. गटाचा ताबा सुटणं हे एक काम आहे आणि देवाबद्दल आपलं मत ठरवणं हे दुसरं. गट मुद्दाम दोन्ही एकत्र बांधतो: आम्हाला सोडलं म्हणजे देवाला सोडलं. घाईत असलेले हितचिंतक नकळत तीच गाठ उलट्या बाजूनं मारतात. पहिलं काम निकडीचं आहे. दुसऱ्याला मुदत नाही. काही जण पुढे नास्तिक होतात, काही जण वारी धरतात, काही जण वर्षानुवर्षं मधेच राहतात आणि त्यांचं काही अडत नाही. कोल्हापूरला तर हे नवं असायचं कारण नाही. इथे 1911 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि भटजीवाचून लग्नं लागली. त्या मांडवातले सगळेच काही देव न मानणारे नव्हते. मधला माणूस नको, एवढं मात्र त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

देवळात जायचं की नाही यावर आम्ही एकदाही चर्चा केली नाही. त्याऐवजी 2019 च्या आधी त्यांच्याकडे काय होतं, याच्या आठवणी काढत बसलो. त्यात किरणोत्सव निघाला. वर्षातून दोनदा, 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. परंपरेप्रमाणे पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग कमरेपर्यंत, मग मुखावर. वडील त्यांना खांद्यावर घेऊन गर्दीत उभे राहायचे. आणि बऱ्याच वर्षी किरणं पोचायचीच नाहीत. कधी ढग, कधी हवेतली आर्द्रता, कधी वाटेत बांधकामांचा अडथळा.

"मग वडील काय म्हणायचे?" मी विचारलं.

"काय म्हणणार? आज ढग हाय, उद्या बघू. मग भेळ खायाला न्यायचे."

देवीचा कोप झाला असं कुणी म्हणायचं नाही? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "न्हाई ओ. कुणीच न्हाई म्हणायचं." त्या भेटीत पुढे फारसं काही झालं नाही. देव असेल-नसेल हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. पण असलाच तर हजेरी घेणारा नसेल, इथवर त्या आल्या आहेत. नोव्हेंबरमध्ये त्या देवळात जाऊन आल्या, हे मला नंतर बोलण्याच्या ओघात कळलं.

एक दुःख राहिलं, ज्याबद्दल घरात कुणाला सहानुभूती नव्हती. गुरुवारची संध्याकाळ रिकामी झाली. टाळ, पेटी, सोबत गाणाऱ्या वीस बायका, चिखल उपसणारी तीच माणसं, आता रस्त्यात दिसली की तोंड फिरवतात. "सुटलीस, आता रडतेस कशाला?" असं घरचे म्हणतात. कृपा करून म्हणू नका. ताबा वाईट होता, पण सोबत खरी होती, आणि सोबतीचं रडू येणारच. हे रडू दाबलं की माणूस परत त्याच दारात जाऊन उभा राहतो.

हल्ली त्या पेठेतल्या एका भजनी मंडळात जातात. पहिल्या दिवशी त्यांनी म्होरक्या आजींना विचारलं, "एखाद्या गुरुवारी आलो न्हाई तर काय?" आजी म्हणाल्या, "न्हाई आलीस तर चहा कमी टाकायचा." कुठल्याही गटात पाऊल टाकण्याआधी हा प्रश्न विचारावा, असं मी आता बाकीच्यांनाही सांगते.

चारची जाग अधूनमधून येते. जावेशी बोलणं अजून पाण्याच्या मोटरीपुरतंच आहे, आणि मुलाच्या बारशापासूनचे दोन घरांतले फोटो एकाच भिंतीवर आहेत. तिच्याशी भांडायचं की वाट बघायची, हे शोभाताईंना ठरवायचंय. मला विचारलं नाही अजून.