दोन हजार वर्षांपूर्वीचं अत्तर प्रयोगशाळेच्या मदतीने पुन्हा बनवता येतं का?

बऱ्याच अंशी येतं, पण हुबेहूब नाही. स्पेनमधल्या कार्मोना इथे २०१९ मध्ये सापडलेल्या रोमन थडग्यात स्फटिकाची कोरीव कुपी होती. डोलोमाइट या खनिज दगडाचं बूच डांबराने इतकं पक्कं बसवलेलं, की आतलं अत्तर घट्ट गोळ्याच्या रूपात टिकलं! कॉर्दोबा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञांनी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (मिश्रणातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धती) वापरून त्यात वनस्पतीजन्य तेल आणि चक्क पॅचौली (एका वनस्पतीच्या पानांपासून मिळणारं सुगंधी तेल) ओळखली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पॅचौलीचे जड रेणू मागे राहतात, फुलाफळांचे हलके वास केव्हाच उडून गेलेले असू शकतात. त्यामुळे घटक कळले तरी मूळ प्रमाण कळत नाही. तिथे पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने लिहून ठेवलेल्या सुगंधी तेलांच्या कृती आणि अत्तरकाराचं नाक यांवरच भिस्त.