बिअरच्या बाटल्यांचं देऊळ आणि माळकरी आई

प्रश्न : बँकॉक-पटाया दोनदा झालं. या वेळी आईला घेऊन थायलंडमधलं बाटल्यांचं देऊळ बघावं म्हणतोय. पण ती माळकरी. ‘दारूच्या बाटल्यांचा कसला देव?’ म्हणून रुसून बसलीये. एवढ्या लांब जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आईंचा रुसवा मला ओळखीचा आहे. माझी ताईही माळकरी. तिला मी नुसतं ‘बुद्धाचं देऊळ’ एवढंच सांगून नेलं होतं. भिंतीजवळ जाऊन तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, “अगं, ही तर बुडं आहेत!” खरंच, बाटल्या आडव्या रचल्यात आणि बुडं बाहेर. हिरवी हायनेकेनची, तपकिरी तिथल्या चांग बिअरची. प्रत्येक बुडाच्या खळग्यात उन्हाचा एकेक ठिपका. ताई बोट फिरवत राहिली आणि मग माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्यानं चपला काढायला वळले.

हे सिसाकेत प्रांतातल्या खुन हानचं ‘वाट पा महा चेदी केव’. लोक त्याला ‘वाट लान खुआत’ म्हणतात, म्हणजे दहा लाख बाटल्यांचा मठ. 1984 पासून भिक्खूंनी बाटल्या गोळा केल्या आणि आकडा 15 लाखांच्या आसपास गेला. आत काँक्रीट आहेच, नुसत्या काचेवर शिखर उभं राहत नाही. पण काचेला रंग द्यावा लागत नाही आणि धुतली की झालं. मुख्य देऊळ तळ्यावर आहे. भिक्खूंच्या खोल्या, पाण्याची टाकी, संडास, एवढंच काय, प्रेतं जाळायची जागाही बाटल्यांचीच. बुचंसुद्धा वाया घालवली नाहीत, त्यांची बुद्धाची चित्रं केलीत. ताई विरघळली ती या बुचांपाशी. गोधडीला चिंधी न् चिंधी लावणारी बाई ती.

आता जायचं कसं? बँकॉकहून उबोन शहराकडे जाणारी रात्रीची रेल्वे धरा, पहाटे सिसाकेतला उतरा. तिथून खुन हान साठेक किलोमीटर. दिवसभराची गाडीच ठरवा. बसच्या भरवशावर आईंना उन्हात ताटकळत ठेवू नका. देवळाला एक-दीड तास पुरतो. तेवढ्यासाठीच एवढा प्रवास कराल तर हिरमोड होईल, उबोनला दोन दिवस काढणार असाल तर खुशाल जा. जेवणाला ‘जे’ म्हणून सांगा. त्यात मांस-मच्छी, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. आईंना त्यात दही मात्र मिळणार नाही.

आणि तिकिटं काढण्याआधी एक बघा. खुन हान कंबोडियाच्या हद्दीला लागून आहे आणि जुलै 2025 मध्ये त्या सरहद्दीवर तोफा चालल्या. आपल्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचना वाचूनच ठरवा.

आईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी खोटं बोलले नव्हते, अर्धंच सांगितलं होतं. ताई अजून ऐकवते.