टॉर्की की एअरीज इन्लेट? आधी व्हिसा, मग आग, मग समुद्र

मुलुंडच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. नवऱ्याला ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या जिलाँगला नोकरी मिळतेय, इथला टू-बीएचके विकून तिकडे समुद्राजवळ घर घ्यायचंय. यादीत टॉर्की, जॅन जक, अँगलसी आणि एअरीज इन्लेट. फोटोंत चारही गावं सारखीच दिसतात, मग विम्याच्या हप्त्यात एवढा फरक का, आणि सुरुवात कुठून करायची?

तुम्ही व्हिसाचा नंबर लिहिलेला नाही, आणि गाडं तिथेच अडतं. १८९ किंवा १९० असेल तर तो पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा; घर घ्यायला तिथल्या केंद्र सरकारची वेगळी परवानगी लागत नाही. ४९१ मात्र तात्पुरता व्हिसा आहे. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळात, मोजके अपवाद सोडले तर, तात्पुरत्या व्हिसावर जुनं तयार घर विकत घेता येत नाही. मोकळा प्लॉट किंवा नवं घर परवानगी काढून घेता येतं. प्लॉट घेतलात तर चार वर्षांत बांधकाम पूर्ण करण्याची अट पडते. शिवाय व्हिक्टोरिया राज्य परदेशी खरेदीदाराकडून नेहमीच्या स्टॅम्प ड्युटीवर ८ टक्के जास्त घेतं. ९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरावर साधी ड्युटीच ४९,०७० डॉलर होते, त्यावर हे ७२,००० आणखी. ४९१ असेल तर माझं मत सरळ आहे: पीआर होईपर्यंत भाड्याने राहा.

आता मुलुंडचे पैसे. तुम्ही जाण्याआधी फ्लॅट विका, पैसे नंतर न्या. निवासी भारतीय म्हणून विकलात तर ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार फक्त १ टक्का टीडीएस कापतो. एनआरआय झाल्यावर विकलात तर साडेबारा टक्के, वर अधिभार आणि सेस. कमी कपातीचा दाखला आधी काढला नसेल तर खरेदीदार ही कपात नफ्यावर न करता सगळ्या किमतीवर करतो. पैसे पाठवताना मात्र उलटं गणित आहे. निवासी असताना माणशी वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मर्यादा असते, आणि १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. एकाच्या नावाने दोन कोटी पाठवले तर ३८ लाख अडकले. रिटर्न भरल्यावर ते वळते होतात, पण तोवर घराचं डिपॉझिट कुठून भरणार? त्यापेक्षा नोकरीसाठी देश सोडल्यावर खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या. त्यातून वर्षाला १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम सीएच्या दाखल्यावर बाहेर काढता येते, आणि हा टीसीएस लागत नाही. फ्लॅटची पूर्ण किंमत चेकनेच घ्या. रोखीत घेतलेला तुकडा तिकडच्या बँकेला दाखवता येत नाही. पैसा कुठून आला हे ती विचारतेच.

मग गावं. टॉर्की आणि जॅन जक यांच्यामध्ये फक्त स्प्रिंग क्रीक आहे. जिलाँगची नोकरी असेल तर रोजच्या जगण्याला हीच दोन सोयीची: जिलाँग गाडीने साधारण अर्धा तास, हायस्कूल गावातच. रेल्वे मात्र नाही. मेलबर्नला जायचं तर वॉर्न पॉण्ड्स किंवा जिलाँगच्या स्टेशनपर्यंत गाडी न्यावी लागते. टॉर्कीचा फ्रंट बीच लहान मुलांसाठी शांत, जॅन जकला लाटा, आणि पुढे बेल्स बीच. ईस्टरला तिथे सर्फिंगची स्पर्धा असते, त्या आठवड्यात घर बघायला जाऊ नका. गर्दीत गावही कळत नाही आणि किंमतही.

अँगलसीपासून पुढे रान घरांना येऊन भिडतं, आणि तुम्ही विचारलेला विम्याचा फरक तिथे आहे. १६ फेब्रुवारी १९८३ च्या ‘ॲश वेन्सडे’ वणव्यात एअरीज इन्लेट आणि अँगलसी होरपळली. २०१५ च्या नाताळच्या दिवशी त्याच किनाऱ्यावर पुढे असलेल्या वाय रिव्हर आणि सेपरेशन क्रीक इथे ११६ घरं जळाली. एअरीज इन्लेटचं दीपगृह, युकॅलिप्टसची झाडं, झाडांतून दिसणारा समुद्र हे सगळं खरं आहे. पण ज्या झाडांसाठी घर आवडतं, तीच विमा कंपनी मोजते. म्हणून घर बघण्याआधी पत्ता ‘विकप्लॅन’ या सरकारी नकाशावर टाका. फुकट आहे. ‘बुशफायर मॅनेजमेंट ओव्हरले’, म्हणजे वणव्याच्या खास नियमांचा पट्टा, दिसला तर नवं बांधकाम किंवा मोठी वाढ करताना परवाना, घराभोवती झाडी काढलेला पट्टा आणि बीएएल, म्हणजे वणव्याच्या धोक्याच्या श्रेणीनुसार काचा, दारं, जाळ्या आल्या. बीएएल १२.५ पासून १९, २९, ४० आणि शेवटी एफझेड, म्हणजे थेट ज्वाळेचा पट्टा. २९ च्या वर खर्च झपाट्याने चढतो. खाडीलगतच्या घराला पुराचा ओव्हरले आहे का तेही त्याच नकाशावर कळतं. विम्याचं कोटेशन सही करण्याआधी मागा. विमा नसेल तर बँक कर्जाचे पैसे सोडत नाही.

घराच्या आत गेल्यावर किचन शेवटी बघा. आधी घराखाली वाका. जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी असतात. खुंट कुजले की घरातली जमीन एका बाजूला उतरते आणि दारं आपोआप उघडतात. वाळवीच्या मातीच्या बोटभर नळ्या खुंटावर चढताना दिसतात का ते टॉर्चने बघा. खारा वारा खिळ्यांच्या डोक्यांवर कळतो: बाहेरच्या फळ्यांवर प्रत्येक खिळ्याखाली तांबूस ओघळ असेल तर पत्र्याखालचे स्क्रूही तसेच असणार. पन्नास-साठच्या दशकांतल्या कॉटेजला सपाट सिमेंटचे पत्रे असतात. आपल्याकडे गॅलरीवर टाकतात त्याच जातीचे, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ३१ डिसेंबर २००३ पासून तिथे त्यावर पूर्ण बंदी आहे. हात न लावता राहू देता येतं, पण भिंत फोडायची तर खर्च वेगळा. बिल्डिंग आणि वाळवी, दोन्ही तपासण्या करून घ्या. सांडपाणी गटाराला जोडलंय की सेप्टिक टँक आहे, हेही विचारा. वास्तूचा विचार करणाऱ्यांसाठी एक टीप: तिथे ऊन उत्तरेकडून येतं. पूर्वमुखी दाराच्या हट्टापायी दक्षिणेकडे तोंड केलेला हॉल घेतलात तर जुलैत दिवसाही हीटर चालतो.

कागद म्हणजे मुख्यतः ‘सेक्शन ३२’. विकणाऱ्याने सहीच्या आधी द्यायचं हे निवेदन: टायटल, बोजे, झोनिंग, वणव्याच्या पट्ट्यात आहे का, गेल्या सात वर्षांतले बांधकाम परवाने. डेक नवा दिसतोय आणि परवाना यादीत नाही, तर तो डेक बेकायदा आहे असं धरूनच बोला. हे निवेदन कन्व्हेयन्सरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या व्यावसायिकाला, आधी वाचायला द्या. एजंट गोड बोलला तरी तो विकणाऱ्याचा माणूस.

खाजगी विक्रीत सही केल्यावर कामकाजाचे तीन दिवस माघार घेता येते. किमतीच्या ०.२ टक्के किंवा १०० डॉलर, जे जास्त असेल ते जातं. ९ लाखांच्या घरावर १,८०० डॉलर. लिलावात ही सवलत नाही, आणि लिलावाच्या आधीच्या व नंतरच्या तीन कामकाजी दिवसांत केलेल्या सहीलाही नाही. म्हणजे शनिवारी हातोडा पडला की सहसा १० टक्के डिपॉझिट तिथल्या तिथे, तपासणी आणि कर्जाची मंजुरी आधीच खिशात हवी.

ताबा बहुधा ३०, ६० किंवा ९० दिवसांनी. त्याआधी विकणाऱ्याकडून टॅक्स ऑफिसचं क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे करासाठी तो तिथलाच रहिवासी असल्याचा दाखला, मागा. ते नसेल तर १ जानेवारी २०२५ पासून किमतीच्या १५ टक्के रक्कम कापून सरकारकडे भरणं ही खरेदीदाराची जबाबदारी आहे. घर घेऊन तुम्ही मुंबईतच राहिलात आणि आदल्या वर्षात ते सहा महिन्यांहून अधिक रिकामं असलं, तर पहिल्या वर्षी किमतीच्या १ टक्का रिकाम्या घराचा कर लागू शकतो. त्यामुळे ताब्याची तारीख नोकरी सुरू होण्याच्या तारखेला धरूनच ठरवा.