सध्या काय वाचताय: गोडसे भटजी, लक्ष्मीबाई आणि फलटणच्या बेबीताई

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात 'स्वामी', 'मृत्युंजय', 'ययाति' वाचून झालं, मग नोकरी, बंगळूर, संसार, आणि वाचन सुटलं. आता पुन्हा सुरुवात करायची आहे, पण जाडजूड कादंबरी उघडली की तिसाव्या पानाला हात मोबाईलकडे जातो. शिवाय यजमान लखनौचे, त्यांना मराठी वाचता येत नाही, पण सोबत काही वाचता आलं तर हवं आहे.

सध्या माझ्या उशाशी आहे ते विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. पहिल्यांदा नाही, पुन्हा. आणि तुम्हालाही मी कादंबरी सुचवणार नाही. तालुक्याच्या वाचनालयात मी बरीच वर्षं देवघेवीला बसते. वाचन सुटलेली माणसं परत येतात ती बहुतेक आत्मचरित्राचं बोट धरून, हे तिथे बसून दिसतं. कादंबरीत पहिली पन्नास पानं लेखकाला उधारीवर द्यावी लागतात, माल कसा निघतो ते नंतर कळतं. आत्मचरित्रात माणूस पहिल्या ओळीपासून समोर बसून बोलत असतो. त्यातही जे पेशाने लेखक नव्हते, ज्यांना शैली वगैरेची फिकीर नव्हती, त्यांचं आधी वाचा.

गोडसे भटजी हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. म्हणून काकांना घेऊन हे उत्तरेला निघाले. साल १८५७! महूच्या आसपास शिपाई भेटतात आणि पुढे काय होणार आहे ते सांगतात, पण हे दोघे मागे फिरत नाहीत. तिथून पुढे हा गृहस्थ थेट बंडाच्या मधोमध. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी असं करत. इतिहासाच्या पुस्तकात आपण ही नावं बाणांच्या नकाशावर पाहिलेली असतात. इथे त्याच गावांत एक माणूस आज जेवण कुठे मिळेल आणि जवळचे पैसे कुठे लपवावेत याच्या विवंचनेत फिरतोय.

मला सगळ्यात आवडतं ते हे की त्याला मोठेपणाचा आव आणायचाच नाही. कुठे किती दक्षिणा मिळाली ते तो न लाजता सांगतो. भीती वाटली तर भीती वाटली म्हणतो. जेवणाची वर्णनं तर इतकी मन लावून केलेली की रात्री उशिरा वाचू नका, भूक लागते. झाशीत त्याला राणीचा आश्रय मिळाला. तिचा दिनक्रम, तिचा व्यायाम, घोड्यावरची बैठक, दरबारातला पोशाख हे सगळं त्याने जवळून पाहून लिहिलंय. मग सर ह्यू रोजच्या फौजेचा वेढा पडतो आणि तोच माणूस, तीच साधी भाषा, पण पानं उलटवत नाहीत. शहर पडल्यावर गोरे शिपाई घराघरांत शिरले, जवळचं होतं नव्हतं ते देऊन याने जीव वाचवला, नंतरचे रस्ते, जळणारी प्रेतं, तो वास. आणि एवढ्या संहारात तो राजवाड्यातल्या पोथ्यांच्या संग्रहाची धूळधाण झाली त्यावर थांबून हळहळतो. भिक्षुक होता ना.

काल्पीच्या वाटेवरचा प्रसंग मुद्दाम सांगत नाही पूर्ण. एवढंच की विहिरीपाशी राणी पुन्हा भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली, आणि हा पाणी शेंदून द्यायला पुढे होतो तेव्हा ती काय म्हणते ते वाचा. झाशीच्या राणीवरच्या सगळ्या पोवाड्यांपेक्षा ते एक पान मला खरं वाटतं.

आवृत्तीबद्दल मात्र नीट ऐका, कारण इथे घोटाळा होतो. गोडसे भटजी वैद्य घराण्याचे उपाध्याय. भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी त्यांना लिहायला लावलं आणि भटजी वारल्यानंतर १९०७ मध्ये छापलं. पण छापताना भाषेवर हात फिरवला, काही काढलं, काही घातलं. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आवृत्ती काढली. हक्क केव्हाच संपल्यामुळे आज बाजारात दोन्ही प्रकारच्या छपाया मिळतात. घेताना प्रस्तावना उघडून पाहा. पोतदारांची मूळ संहिता असेल तीच घ्या. भाषा थोडी आडवळणी वाटेल, पण दहा पानांत कान बसतो.

हे झालं की लगेच लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. नाव ऐकलं असेलच, शाळेत धडाही असेल. धड्याने त्या पुस्तकाचं नुकसानच केलंय, लोकांना वाटतं आपण वाचलंय! गोडसे भटजींनंतर लगेच म्हणते याला कारण आहे. लक्ष्मीबाईंची हकीकतही सत्तावनपाशीच सुरू होते. त्या धामधुमीत नात्यातल्या एकाला फाशी झाली आणि तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलं ते कायमचं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. बाईंनी हे सगळं लिहिलंय ते हसत हसत. आपण हसतो, आणि मग लक्षात येतं की या घरात लहान मुलं वाढत होती.

अकराव्या वर्षी लग्न, नवरा नारायण वामन टिळक. कवी, विद्वान, लहरी, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा. सांगता सांगता घरातून नाहीसा होणारा. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाई पदरात लहान मूल घेऊन एका दिवसात सधवाही नाहीत आणि विधवाही नाहीत अशा झाल्या. कादंबरीकाराच्या हाती हे पडतं तर शंभर पानं रडारड झाली असती. बाई रडल्या ते लिहितात, पण दुसऱ्या परिच्छेदात कुणाची तरी फजिती सांगून तुम्हाला हसवतात. पुढे नवऱ्याकडे परत जाणं, पण चूल वेगळी, सोवळं वेगळं. ते हळूहळू कसं गळून पडलं, जाती देवाने केल्या की माणसाने हा विचार त्यांच्या डोक्यात कसा आला आणि एकदा आल्यावर त्यांनी कसा तडीस नेला, हा भाग पुस्तकाचा कणा आहे. कुणी उपदेश केला म्हणून त्या बदलल्या नाहीत, स्वतःशी भांडून बदलल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

अधूनमधून बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरात लाडावलेल्या पोरासारखे वावरताना दिसतात, तो वेगळाच आनंद. भाग चार आहेत, १९३४ ते ३६ या काळात आले. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, ती घेऊ नका. या बाईंचं गाळण्यासारखं काही नाही, विषयांतरातच खरी मजा आहे.

आता तिसरं, आणि माझ्या मते या दोघांबरोबर ते वाचलंच पाहिजे. बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बाई फलटणच्या, बालपण पुरंदर तालुक्यातल्या वीरगावात आजोळी गेलं. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. माल बांधायला जी रद्दी यायची ती त्या वाचत. मग लिहायला लागल्या, नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून लपवून, वह्या अडगळीत खुपसून. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. फलटणला राहणाऱ्या भाषेच्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांना लिखाणाचा सुगावा लागला, त्यांनी धीर दिला, तेव्हा ते 'स्त्री' मासिकात छापून आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं.

यात एक प्रसंग आहे. महारवाड्यातल्या बाया रानातून लाकडं तोडून मोळ्या घेऊन ब्राह्मणआळीत विकायला जातात. घरातल्या काकूबाई बजावतात, लाकडाला कुठे केस, लुगड्याचा दोरा अडकलाय का ते नीट बघ, नाहीतर आमचं घर बाटेल. बाई प्रत्येक लाकूड निरखून बघते, मग ते रचून देते. वर काकू त्यावर पाणी शिंपडून ती शुद्ध करून घेतात. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं तुम्ही हसत वाचलेलं असतं. त्यानंतर हे वाचलं की त्या हसण्याचं काय करायचं ते कळत नाही. एकच वस्तू, एकीने घराच्या आतून पाहिलेली, दुसरीने दाराबाहेर मोळी उतरवून. वेगवेगळी वाचली तर दोन्ही चांगली पुस्तकं आहेत. एकामागून एक वाचली तर तुमच्या डोक्यात ती आपापसांत बोलायला लागतात. म्हणून हा क्रम.

आणि बेबीताई फक्त गावाचा हिशोब मांडत नाहीत, स्वतःच्या वाड्यातलाही मांडतात. कोवळ्या सुनेला पहाटेच्या अंधारात उठवून दळायला बसवायचं, भाकरी नीट जमली नाही तर सासूने ती चारचौघींना दाखवून तिची शोभा करायची, बाळंतपणाचे हाल, हे त्यांनी आपल्याच माणसांबद्दल लिहिलंय. असं लिहायला जी छाती लागते ती पट्टीच्या लेखकांकडेही फार नसते. पुस्तक छोटं आहे, दोन रविवारांत होईल, पण एका बैठकीत संपवायचा हट्ट नको.

बाकीची नावं भरभर सांगते. धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन': गोव्यातल्या साखवाळचा तरुण 'बालबोधमेवा' मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून झपाटला, घर सोडून पुणे, काशीची अन्नछत्रं, नेपाळ, सिंहल म्हणजे आजची श्रीलंका असा हिंडला, आणि पुढे हार्वर्डला पाली ग्रंथाच्या कामाला जाऊन पोचला. लिहिणं अगदी कोरडं, पण चालणं थक्क करणारं. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लक्ष्मीबाईंच्या नंतर वाचल्या तर जरा बेताच्या वाटतात, त्या आधी तरी वाचा नाहीतर वर्षभराने. दया पवारांचं 'बलुतं' बेबीताईंच्या नंतर जरूर, मुंबईतली कावाखान्याची वस्ती त्यात जशी आहे तशी दुसरीकडे सापडणार नाही. सुनीता देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' आमच्या वाचनालयात कपाटात थांबतच नाही, पण पुन्हा सुरुवात करणाऱ्याला मी ते देत नाही. त्यात काळ मागेपुढे होतो, नाव न घेता माणसं येतात जातात, वाचनाचा सराव असेल तर ते मुरतं. अत्र्यांचं 'कऱ्हेचे पाणी' अनेक खंडांचं आहे. ओघ असा की खंड केव्हा संपला कळत नाही, पण तूर्तास त्याच्या वाटेला जाऊ नका.

कुणी विचारेल की यात आजचं काहीच नाही. नाही. नवं मीही वाचते, पण सुटलेलं वाचन परत लावायला गाळून उरलेलं बरं पडतं.

मिळण्याबद्दल: गोडसे आणि लक्ष्मीबाई दोघांचेही हक्क संपलेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ते संपतात आणि लक्ष्मीबाई गेल्या १९३६ मध्ये. त्यामुळे स्वस्त आवृत्त्या पुष्कळ. फार स्वस्तातली घेऊ नका, टाईप बारीक आणि मुद्रणदोष इतके की चीड येते. पुण्याला फेरी झाली तर अप्पा बळवंत चौकात हातात घेऊन, दोन पानं वाचून घ्या. मोबाईलवर वाचणार असाल तर माझा विरोध नाही, फक्त नोटिफिकेशन बंद ठेवा. आणि पहिले काही दिवस मोठ्याने वाचा, निदान गोडसे भटजी तरी. ती भाषा डोळ्यांपेक्षा कानाला लवकर लागते.

यजमानांसाठी सोय आहे. गोडसे भटजींचा हिंदी अनुवाद अमृतलाल नागरांनी केलाय, 'आँखों देखा गदर' या नावाने, आणि नागर तर लखनौचेच, त्यामुळे घरचं पुस्तक म्हणून खपून जाईल. इंग्रजी हवं असेल तर मृणाल पांडे यांचं आहे, शिवाय प्रिया आदरकर आणि शांता गोखले यांनी मिळून केलेलंही. 'स्मृतिचित्रे'चा पूर्ण इंग्रजी अनुवाद शांता गोखल्यांचा, २०१७ मध्ये आला. 'जिणं आमुचं'चा माया पंडित यांचा, २००८ मधला.

नागरांचा अनुवाद पोतदारांच्या आवृत्तीच्या आधीचा आहे. तेव्हा यजमानांनी हिंदी घेतलं आणि तुम्ही मूळ संहिता घेतली तर झाशीपर्यंत पोचेस्तोवर काही ठिकाणी तुमची पुस्तकं एकमेकांशी जुळणार नाहीत. जुळलं नाही तिथे पेन्सिलने खूण करून ठेवा आणि इथे कळवा. वैद्यांनी नेमका कुठे कुठे हात फिरवला याची यादी मलाही करायची आहे.