गॅमा किरण स्फोटाच्या मागावर पहिल्यांदा निघताना

दूरच्या आकाशगंगेत क्षणभर उसळणारा गॅमा किरणांचा हा स्फोट स्वतः आपल्याला दिसत नाही. गॅमा किरण पकडायचं काम स्विफ्ट, फर्मी या उपग्रहांचं. आपण टिपायची ती मागे उरणारी झळाळी, आणि ती भराभर विझते. ढोबळ हिशेब सांगतो: दहाव्या मिनिटाला १६ प्रत (तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितकं तेज मंद) असेल तर शंभराव्या मिनिटाला १८.५ च्या आसपास. म्हणून उपग्रहाकडून स्फोटाची सूचना आली की स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीने दिलेलं स्थान घे, लाल फिल्टर लाव आणि सरळ फोटो काढायला लाग. संगणकाचं घड्याळ आधीच जुळवलेलं हवं, नाहीतर सगळी मोजमापं वाया. नवा ठिपका दिसला तर जुन्या छायाचित्राशी ताडून बघ; क्रांतिवृत्ताजवळ (आकाशातल्या सूर्याच्या वाटेजवळ) लघुग्रह हमखास फसवतात.

झळाळी विझली की बहुतेक जण पाठ फिरवतात. तू तसं करू नकोस! स्फोट तुलनेने जवळचा असेल तर एक-दोन आठवड्यांत कोसळलेल्या ताऱ्याचा सुपरनोव्हा डोकं वर काढतो. २९ मार्च २००३ च्या स्फोटात असंच झालं: वर्णपटात हायड्रोजन नसलेल्या सुपरनोव्हाच्या रुंद रेषा उमटल्या आणि दीर्घ (दोन सेकंदांहून जास्त टिकणाऱ्या) स्फोटांचं महाकाय ताऱ्यांशी असलेलं नातं पक्कं झालं. यासाठी मोठी दुर्बीण लागेल. तिच्यावर वेळ मिळावा म्हणून अर्ज आत्ताच टाकून ठेव.