मॉडेल रेल्वेसाठी व्हाइट मेटलचा (म्हणजे कमी उष्णतेत वितळणाऱ्या कथलासारख्या मिश्रधातूचा) ट्रक कोणत्या गोंदाने जोडावा, आणि तो वापरातला वाटावा म्हणून त्यावर गंज कसा दाखवावा?

गोंदाचे उत्तर सोपे आहे, ते आधी देऊन टाकतो. चासी आणि केबिनसाठी सावकाश घट्ट होणारे अ‍ॅराल्डाइट वापरावे, कारण भाग काटकोनात बसवायला त्यात सवड मिळते आणि सांधा वाकडा झालाच तर उकळत्या पाण्यात ठेवल्यावर तो मऊ पडून सुटतो. फेविक्विक आरसे, दिवे अशा भार नसलेल्या भागांपुरतेच ठेवावे. काचांना ते अजिबात लावू नये. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट धुके धरते, तिथे साधे फेविकॉल पुरते. सोल्डरिंगची हौस असेल तर ७० अंश सेल्सिअसला वितळणारे खास सोल्डर आणि तापमान कमी-जास्त करता येणारे आयर्न घ्या. रेडिओ दुरुस्तीच्या साध्या आयर्नने सांधा जुळण्याआधी मडगार्डच वितळून टेबलावर सांडते.

आता गंजाविषयी. रोजच्या धंद्यात असलेल्या ट्रकवर गंज दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या मतापायी माझे एका स्नेह्यांशी कायमचे वाजलेले आहे.

माझ्या लेआउटवर, म्हणजे रूळ, स्टेशन आणि परिसर मांडलेल्या देखाव्यावर, १९५० च्या दशकाच्या अखेरचे कुर्डुवाडी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली येथूनच बार्शीला जाऊ लागली, आणि तिचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, मुख्य लाइनपेक्षा वेगळे असल्यामुळे माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत हलवण्याची सगळी धांदल याच यार्डात चाले. धातूच्या ब्रिटिश ट्रकांचे किट बहुतेक १:७६ प्रमाणात मिळतात, म्हणून मी संपूर्ण लेआउटच त्या प्रमाणात केला. या प्रमाणात आपला साडेपाच फुटी ब्रॉडगेज २२ मिलिमीटरचा हवा, पण माझ्या गाड्या बाजारात मिळणाऱ्या १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावतात. जाणकार त्यावर नाक मुरडतात, खुशाल मुरडोत.

या यार्डात रुईच्या गाठी उतरवणारा एक बेडफर्ड या ब्रिटिश कंपनीचा ट्रक उभा आहे. किटमधली गोलाकार इंग्रजी केबिन मी ठेवली नाही, कारण आपल्याकडे बहुतेक मालट्रकांची कारखान्यातून चासी आणि काउल, म्हणजे बॉनेटसकट समोरचा भाग, तेवढा येई आणि केबिन व हौदा इथले सुतार बांधत. त्यामुळे बॉनेट, मडगार्ड आणि चाके धातूची, तर मागचे सगळे पातळ लाकडी पट्ट्यांचे, अशी ती गाडी आहे. तिचा रंग ठरवताना माझ्यासमोर बार्शीचे मामा होते. मामा दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, पण रोज सकाळी क्लीनरच्या हातातले फडके स्वतः घेऊन ते बॉनेट आणि दिवे पुसत, आणि हौद्याकडे मात्र ढुंकूनही पाहत नसत. त्यामुळे ट्रकचा चेहरा चकचकीत आणि बाकीचे अंग धुळीने माखलेले असे. पुसण्याचा हात जिथवर पोचे तिथे धुळीची अर्धवर्तुळाकार कड उमटलेली असे, आणि ती कड मी मॉडेलवर शून्य नंबरच्या ब्रशने मुद्दाम काढली आहे.

आम्हा हौशी मंडळींच्या एका बैठकीत हे स्नेही, जे मूळचे रत्नागिरीचे, माझ्या ट्रकाकडे पाहून म्हणाले, "अहो, हा तर काल शोरूममधून सुटलेला दिसतोय!" आणि मी काही बोलण्याच्या आत त्यांनी खिशातल्या डबीतली गंजाच्या रंगाची पावडर दोन्ही मडगार्डांवर आणि लाल धूळ चाकांवर फासली. वर "आता जिवंत झाला" असा निकालही देऊन टाकला. मॅट रंगावर कोरडी पावडर फार चिवट धरते. मऊ ब्रशने बरीचशी निघाली, पण चाकांच्या नटांभोवती ती आजही लालसर दिसते. सोलापूर जिल्ह्यात लाल धूळ आणि हप्ते फेडणाऱ्या मालकाच्या ट्रकला गंजलेले मडगार्ड, या दोन गोष्टी एकाच गाडीवर दाखवणाऱ्या माणसाने खंडेनवमीला धुऊन, झेंडूच्या माळा घालून उभा केलेला ट्रक कधी पाहिलाच नसावा.

तेव्हा गंजाऐवजी झीज आणि धूळ दाखवा, आणि धूळ तुमच्या लेआउटच्या जमिनीचीच असू द्या. मी खरी काळी माती पाण्यात कालवतो, जड रेव तळाशी बसू देतो आणि वरचे गढूळ पाणी निराळ्या बशीत वाळवतो. उरते ती वस्त्रगाळ माती वाळल्यावर राखाडी-तपकिरी होते. वरून मॅट वार्निश मारल्यावर ती गडद होते, म्हणून चिमूटभर पांढरी पावडर मिसळून ती आधीच फिकी करून घ्यावी. फटींमधला मळ दाखवायला टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी ऑइल कलर वापरावा, मात्र खालचा रंग अ‍ॅक्रिलिकचा हवा, कारण इनॅमल असेल तर टर्पेंटाइन त्यालाच उचलते. झीज दाखवायची ती ड्रायव्हरच्या दाराची कड, पायरी आणि मागचे फाळके एवढ्याच ठिकाणी. डिझेलच्या टाकीखाली एक काळपट ओघळ. माझ्या ट्रकच्या फाळक्याला आणि दोरांच्या गाठींना कापसाचे तंतू पातळ फेविकॉलने चिकटवले आहेत, आणि मला विचाराल तर डबीभर गंजापेक्षा तेवढ्या तंतूंनीच तो ट्रक बार्शीचा वाटतो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. रंगकामापूर्वी सगळे भाग भांड्यांच्या साबणाने आणि जुन्या टूथब्रशने धुवावेत, नाहीतर प्रायमर सोलून निघतो. कानस चोंदू नये म्हणून तिच्यावर आधी खडू घासावा. जुन्या किटमध्ये शिसे असते, म्हणून कोरडा पॉलिशपेपर मारू नये, काम झाल्यावर हात धुवावेत, आणि बनवलेली गाडी कच्च्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नये, कारण त्या लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते.

आणि न्यायाने बोलायचे तर गंज सगळीकडेच चूक असतो असे नाही. भंगारात काढलेल्या गाडीला तो शोभतो, आणि कोकणच्या लेआउटवर लाल धूळही शोभते. मात्र कोकण रेल्वेची सलग वाहतूक २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली, हे आमच्या स्नेह्यांनी ध्यानात घ्यावे. त्यांच्या रत्नागिरी स्टेशनाबाहेर बेडफर्ड उभा असलाच तर तो चाळीस-पन्नास वर्षांचा सांगाडा असणार, आणि त्यावर त्यांनी डबी रिकामी होईपर्यंत गंज लावला तरी माझी काहीच हरकत नाही.